सेरेब्रल पाल्सी : वाट पाहू नका, विचारा आणि लेखी मागा
लहान बालकांच्या पालकांसाठी माहिती

“याचा बापही उशिराच चालला होता, होईल हळूहळू,” असे घरातील वडीलधारी माणसे मायेने म्हणतात. पुष्कळदा ते खरे ठरते. परंतु पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास वाट न पाहता बाळाची तपासणी करून घ्यावी.

• चार महिने पूर्ण होऊनही बाळाची मान सावरत नाही.
• नऊ महिने पूर्ण होऊनही ते आधाराविना बसत नाही.
• दीड वर्षाचे होऊनही चालत नाही.
• पहिल्या वर्षाच्या आतच ते एकच हात वापरते, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली राहते.
• उचलल्यावर पाय ताठ होतात, कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. किंवा अंग फारच सैल वाटते.
• दूध ओढताना वा गिळताना वारंवार ठसका लागतो.

बाळ अपुऱ्या दिवसांचे असल्यास वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

हे कशामुळे होते?

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात. गर्भात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या काळात विकसनशील मेंदूला इजा झाल्यास हालचाल व शरीराचा तोल यांवरील नियंत्रण बिघडते. अपुऱ्या दिवसांचा जन्म, प्राणवायूची कमतरता, तीव्र कावीळ आणि मेंदूज्वर ही त्याची काही कारणे आहेत. ग्रहण, दृष्ट किंवा आईची चूक यांचा याच्याशी काहीही संबंध नाही.

मेंदूची ही इजा वाढत जात नाही. मात्र उपचारांविना स्नायू आखडतात व सांधे वाकडे होतात. पहिल्या वर्षांत मेंदूची शिकण्याची क्षमता सर्वाधिक असते, म्हणून निश्चित निदानाची वाट न पाहता व्यायामोपचार सुरू करता येतात. ही अवस्था पूर्णतः नाहीशी करणारे औषध आज उपलब्ध नाही. सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेल उपचारांना आपल्या देशात मान्यता नाही. अशा जाहिरातींपायी घर वा दागिने गहाण ठेवू नयेत.

रायपूरमध्ये कोठे जावे?

प्रथम आपल्या वस्तीतील मितानिन किंवा अंगणवाडी कार्यकर्तीला सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. छत्तीसगडमध्ये तो ‘चिरायु’ या नावाने परिचित आहे. या कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा बालकांची मोफत तपासणी करते आणि गरजेनुसार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय, म्हणजेच मेकाहारा, आणि टाटीबंध येथील एम्स या शासकीय रुग्णालयांतही दाखवता येते. दिव्यांगजनांच्या पुनर्वसनासाठी राजनांदगाव येथे केंद्र शासनाचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे.

डॉक्टरांकडे जाताना

आपले बाळ दिवसभर कसे वागते, हे आपल्याइतके कोणालाच ठाऊक नसते. म्हणून एक वही ठेवावी. तीत झटके, आहार, झोप, औषधे व नवे बदल तारखेसह लिहावेत. शंकास्पद हालचालींचे मोबाईलवर चित्रण करून दाखवावे. प्रत्येक भेटीत तीन प्रश्न अवश्य विचारावेत : पुढील भेटीपर्यंतचे उद्दिष्ट कोणते? घरी काय करावे, ते करून दाखवाल का? नजर, श्रवण व खुब्याच्या सांध्याची तपासणी केव्हा करायची? खुब्याचा सांधा वेदना न होताही हळूहळू निखळू शकतो; तो एक्स-रेमध्येच वेळीच कळतो.

घरी घ्यावयाची काळजी

बाळाला आडवे ठेवून भरवू नये. पाठीला आधार देऊन, मान किंचित पुढे झुकवून, छोटे घास द्यावेत. मऊ भात, घट्ट वरण, कुस्करलेले केळे हे पातळ पदार्थांपेक्षा गिळण्यास बहुधा सोपे जाते. कपडे घालणे, आंघोळ, खेळ यांतच व्यायाम गुंफावा. लसीकरण चुकवू नये. झटका आल्यास बाळाला कुशीवर वळवावे. तोंडात चमचा घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हा उपकार नव्हे, हक्क आहे

इंग्लंडहून परतलेल्या मिठू अलूर यांना आपल्या मुलीसाठी, मालिनी छिब यांच्यासाठी, भारतात योग्य शाळा सापडली नाही. तेव्हा 1972 मध्ये मुंबईत त्यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभारली. पुढे मालिनी यांनी मुंबईत पदवी व लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. आज प्रत्येक आईने संस्था उभारावी लागू नये, यासाठी कायदा आहे.

• दिव्यांगजन अधिकार अधिनियम, 2016 मध्ये सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. दिव्यांगत्व प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा. प्रमाणपत्र तात्पुरते असल्यास मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे.
• राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. त्यात नियमित थेरपीचाही अंतर्भाव आहे.
• केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र कुटुंबांना विशेष खुर्ची, वॉकर इत्यादी साधने मिळतात.
• 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या बालकास जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा अधिकार आहे.

शाळेने “आमच्याकडे सोय नाही” असे तोंडी सांगितल्यास प्रवेशाचा अर्ज लेखी द्यावा व त्याची पोच घ्यावी. उत्तर न मिळाल्यास ती पोच जोडून जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांकडे, आणि त्यानंतर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करावी. तोंडी नकाराचा पुरावा राहत नाही, पोच राहते.

पालकांनी स्वतःलाही जपावे

बाळाची सेवा एकट्या आईवर टाकू नये. वडील, आजी-आजोबा, काका-मावशी यांनी व्यायाम व भरवणे शिकून घ्यावे. मन खचल्यास टेली-मानसच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.

ही पत्रिका बाळाच्या लसीकरण कार्डासोबत जपून ठेवावी आणि पुढील भेटीस येताना सोबत आणावी.