खताआधी मातीचा नमुना, औषधाआधी रक्ताचा



तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, हे मी गटसभेत इतक्या वेळा सांगितले आहे की आता काही मंडळी माझ्या आधीच वाक्य पुरे करतात. त्यामागचे कारण मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. उसाच्या कापलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू आत शिरतात आणि साखरेचे चिकट डेक्स्ट्रान करून टाकतात. रस बुळबुळीत होतो, पाक दाणा धरत नाही, उतारा पडतो. जंतूंना वेळ मिळाला की नुकसान वाढत जाते. माणसाच्या रक्तात जंतू शिरले तरी हिशेब वेळेचाच असतो, फक्त तिथले नुकसान टनात मोजता येत नाही. म्हणून या अंकात ऊस जरा बाजूला ठेवतो.

गेल्या हंगामात आमच्या आबांना हुडहुडी भरून ताप आला. गाळप जोरात, मला सवड नव्हती. मागच्या आजारपणातली चिठ्ठी दाखवून मीच दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या आणि दोन दिवस दिल्या. तिसऱ्या दिवशी आबा बरळू लागले, लघवी कमी झाली, तेव्हा गाडी करून जिल्ह्याच्या गावी नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "आधी काय दिलंय?" मी पाकीट पुढे केले. त्यांनी रक्त व लघवी कल्चरला पाठविली. दोन्ही रिपोर्ट सारखेच आले : वाढ नाही. म्हणजे जंतू नव्हते असे नव्हे. गोळ्यांनी ते अर्धमेले झाले, प्रयोगशाळेत वाढले नाहीत, पण आबांच्या अंगात ठाण मांडून होते. मग डॉक्टरांना शेवटपर्यंत अंदाजानेच दोन भारी इंजेक्शने चालू ठेवावी लागली. सतरा दिवसांनी आबा घरी आले. पण मी कृषी पदविकेचा माणूस, युरिया टाकल्यावर मातीचा नमुना घेऊ नका म्हणून गावोगाव सांगत फिरतो, आणि घरी नेमके तेच केले!

नमुना वेळेवर घेतला तर पुढे काय होते, ते दवाखान्यात बसून बसून विचारून घेतले. मोठ्या माणसाच्या शिरेतून एका बाटलीला आठ-दहा मिलि रक्त घेतात, शक्यतो दोन ठिकाणांहून. बाटलीत जंतूंचे खाद्य असते. ती उबदार यंत्रात ठेवतात. जंतू वाढले की वायू सोडतात, त्यावरून यंत्र इशारा देते. बहुतेक वेळा हे एक-दोन दिवसांत होते. पाच दिवस वाट पाहून मगच वाढ नाही म्हणतात.

इशारा मिळाल्यावर पहिली झटपट परीक्षा म्हणजे ग्रामचा रंग. हान्स क्रिस्तियान ग्राम या डॅनिश डॉक्टराने १८८४ साली ती प्रसिद्ध केली आणि अजून ती रोज चालते. काचेवर थेंब पसरून रंग देतात. जंतू जांभळे दिसले तर एक जात, लाल दिसले तर दुसरी. पंधरा-वीस मिनिटांचे काम. आपण फडात हँड रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स बघतो ना, तसेच हे. पक्का उतारा लॅबमध्येच कळणार, पण तोड घ्यावी की थांबावे एवढे जागेवर समजते. डॉक्टरलाही कोणत्या गटातले औषध धरायचे ते समजते.

जंतूचे नेमके नाव कळायला पूर्वी आणखी एक-दोन दिवस लागत. आता मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत मॅल्डी-टॉफ नावाचे यंत्र आहे. वाढलेल्या जंतूंचा ठिपका पट्टीवर लावून त्यावर लेसरचा झोत मारतात. जंतूंतील प्रथिने नळीतून उडतात. हलकी आधी पोचतात, जड मागाहून. त्या क्रमाचा नकाशा साठवलेल्या नकाशांशी ताडून यंत्र काही मिनिटांत नाव सांगते. लेसरने प्रथिने न मोडता उडविण्याच्या कामासाठी जपानच्या कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलात वाटा मिळाला. गृहस्थ प्राध्यापक नव्हेत, कंपनीत नोकरी करणारे इंजिनिअर!

पण नाव कळले म्हणजे औषध कळले असे नाही. एकाच जातीचा जंतू एका रोग्यात साध्या औषधाने मरतो, दुसऱ्यात दाद देत नाही. म्हणून औषधांच्या चकत्या ठेवून जंतू कशापुढे वाढत नाही ते पाहतात, त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. ती साधारण आणखी एक दिवस घेते. तोवर रोगी थांबू शकत नाही. रोगी गंभीर असेल तर नमुना घेऊन लगेच इंजेक्शन सुरू करायचे आणि रिपोर्ट आल्यावर बदलायचे, अशी रीत आहे. पुष्कळदा भारी औषध बंद करून साधे देतात. अशा वेळी "डॉक्टरनं स्वस्तातलं लावलं" म्हणून भांडणारे नातेवाईक मी डोळ्यांनी पाहिले. ते औषध नेमके असते, म्हणून साधे असते.

आता टोळ्यांविषयी. क्षयाचा जंतू फार मंद वाढतो, कल्चरला सहा ते आठ आठवडे जाऊ शकतात. तेवढ्यात कोयता टोळी दुसऱ्या फडावर, नाहीतर गावी परत. हल्ली बेडक्यातील जंतूचा वंशद्रव्याचा अंश यंत्रानेच ओळखतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिलेली सीबीनॅट तपासणी दोन तासांत क्षय आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही, दोन्ही सांगते. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे लहान केंद्रांतही ठेवता येते. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषधे मोफत आहेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, रात्रीचा ताप, वजन उतरणे असे टोळीत कोणाचे असेल तर मुकादमाने लपवू नये, गट ऑफिसला सांगावे. त्या माणसाला तपासणीला नेण्यासाठी एक दिवसाची खाडी पडली तर तोडणीच्या कार्यक्रमात ती मी स्वतः बसवून देईन. खोकला दबावा म्हणून दुकानातून कसलीही गोळी मात्र देऊ नका.

सभासदांनी एवढेच करावे. ताप जोराचा असेल, थंडी भरत असेल, तर गोळी घेण्याआधी दवाखाना गाठा. "पहिल्या इंजेक्शनआधी कल्चर घ्यायचंय का?" एवढे डॉक्टरांना विचारा, त्यांना राग येत नाही. आधी काही घेतले असेल तर पाकीट बरोबर न्या. आणि रिपोर्ट घरी न्यायला विसरू नका. आबांचा मी सातबाऱ्याच्या फाइलीतच लावून ठेवला आहे.

पुढील अंकी खोडव्यातील पाचट कुजविण्याविषयी लिहीन.

आपला,
ऊस विकास अधिकारी