दोन श्रावण, एकच पोळा

बालाघाटात हिंदीभाषक घरांतील सावन सामान्यतः मराठी श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. सोमवारचे उपवासही तसेच मागेपुढे. व्रत चुकले, अशी शंका नवख्या सुनेला येते. ती निराधार आहे. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडे पौर्णिमेला. शुक्लपक्षाचे नाव एकच राहते, वद्यपक्षाचे बदलते.

व्हिएतनामी महिनाही अमावास्येवरच बेतलेला. परंतु १९६८ साली उत्तर आणि दक्षिण व्हिएतनामच्या घड्याळांत एका तासाचे अंतर होते. अमावास्येचा क्षण उत्तरेत मध्यरात्रीपूर्वी, दक्षिणेत नंतर आला. ‘तेत’ हा नववर्षाचा सण उत्तरेत २९ जानेवारीला, दक्षिणेत ३० जानेवारीला झाला.

बालाघाटात तेवढेही अंतर पडत नाही. पोळ्याची अमावास्या मराठी घरी श्रावणातली, शेजारी भाद्रपदातली. बैल मात्र दोघांचेही त्याच दिवशी सजतात.