किट कारचे बॉल जॉइंट : रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुट्या भागांच्या संचातून मालकाने स्वतः जुळवलेल्या मोटारीला किट कार म्हणतात. ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर लागणारा खरेदी कर अशा संचावर लागत नसे, आणि १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन लोकप्रिय होण्यात या सवलतीचा मोठा वाटा होता. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचे अशी गाडी बांधण्याविषयीचे पुस्तक आले आणि जुन्या फोर्डचे भाग काढून तशीच गाडी घरच्या घरी बांधण्याची प्रथा पसरली. या गाड्यांच्या पुढच्या प्रत्येक चाकाला सहसा वर एक व खाली एक असे दोन विशबोन, म्हणजे चासीकडे रुंद होत जाणारे दुपाखी दांडे असतात, आणि चाक पेलणारा उभा भाग, म्हणजे अपराइट, त्यांच्या टोकांना बॉल जॉइंटने जोडलेला असतो. बॉल जॉइंट म्हणजे वाटीत बसवलेला पोलादी गोळा आणि त्यातून निघालेली निमुळती पिन. वाटीत ग्रीस असते, तोंडावर रबरी बूट असतो, आणि या रचनेमुळे चाक एकाच वेळी वर-खाली होऊ शकते आणि वळूही शकते. अपराइट व जॉइंट जुन्या गाडीचे, तर विशबोन व चासी नव्या आराखड्याची, अशी ही मिश्र जुळणी असल्यामुळे मूळ गाडीचे नियम जसेच्या तसे लागू धरले की चुका होतात.

गाडी हलकी आहे आणि वर्षभरात थोडीच धावते, म्हणून जॉइंट दीर्घकाळ टिकतील, हा पहिला गैरसमज होय. भार कमी असतो हे खरे. पण रबरी बूट अंतराने जितका झिजतो तितकाच वयानेही कडक होऊन तडकतो, आणि ज्या गाडीचे पुढचे सस्पेन्शन उघड्यावर असते तिच्यात तडकलेल्या बुटातून पाणी व वाळू थेट गोळ्यापर्यंत पोहोचते. याहून गंभीर प्रश्न कोनाचा आहे. प्रत्येक जॉइंटची पिन ठरावीक मर्यादेपर्यंतच कलते, आणि नव्या विशबोनचा कोन वेगळा असल्यास चाक पूर्ण खाली लोंबताना किंवा पूर्ण वर दाबले जाताना पिन वाटीच्या काठावर टेकू शकते. असे वारंवार घडले तर पिन मोडते. म्हणून स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर काढून, चाक वरपासून खालपर्यंत आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून जॉइंट कुठे अडतो का, हे हाताने पाहणे आवश्यक ठरते.

ग्रीस जितके जास्त तितके चांगले, हीही चुकीची समजूत आहे. अनेक जॉइंट कायमचे बंद असतात आणि त्यांना ग्रीस भरण्याची सोयच नसते. ज्यांना निपल, म्हणजे ग्रीस भरण्याचे तोंड, असतो त्यांच्यात पंपाने जोर लावून ग्रीस कोंबले तर बूट फुगून फाटतो आणि रक्षणासाठी केलेली कृतीच जॉइंटच्या मुळावर येते. ट्रायम्फ हेराल्ड किंवा स्पिटफायरचे अपराइट वापरणाऱ्या गाड्यांत तर हा मुद्दा अधिक काळजीने समजून घेतला पाहिजे. तेथे वरच्या बाजूला बॉल जॉइंट असला तरी खालच्या बाजूला ट्रनिअन असतो, म्हणजे पितळेसारख्या मिश्रधातूचा आटे पाडलेला ठोकळा, ज्यात अपराइटचे पोलादी टोक फिरते. त्यात गिअरचे दाट तेल घालणे अपेक्षित असते, कारण ग्रीस आट्यांच्या खोबणीत सर्वत्र पोहोचत नाही, पोलाद गंजते आणि अखेर आट्यांपाशी तुटून चाक आत दुमडते.

चाक हलवून पाहिले आणि काही जाणवले नाही, म्हणजे जॉइंट ठीक आहे, असेही मानले जाते. स्प्रिंग खालच्या विशबोनवर टेकलेली असेल तर खालचा जॉइंट भाराखाली घट्ट दाबलेला राहतो आणि त्याचा खेळ, म्हणजे सैलपणा, लपतो; त्यामुळे जॅक त्याच विशबोनखाली, शक्य तितका जॉइंटजवळ लावून चाक जमिनीपासून जरासे उचलावे, चासीला स्टँडचा आधार द्यावा आणि मग चाक वर-खाली धरून हलवावे. चाक हलवताना दुसऱ्या व्यक्तीने ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा असतो, उरला तर जॉइंटचा.

जॉइंट बदलताना सर्वाधिक गोंधळ टेपरबाबत होतो. टेपर म्हणजे पिनचा निमुळता भाग. तो अपराइटच्या तशाच निमुळत्या भोकात घट्ट रुतून पकड घेतो, आणि नट त्याला जागेवर ओढून धरतो. निघायला सोपे जावे म्हणून टेपरला ग्रीस लावणे चूक आहे, कारण दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ व कोरडे असतील तरच पकड बसते. वेगळ्या गाडीचा जॉइंट भोकात शिरला म्हणून जुळला असेही नाही. उतार जरासा वेगळा असला तरी पिन एका कडेवरच टेकते आणि हळूहळू डुलू लागते. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचे कडे असलेला नट, दर वेळी नवा घ्यावा, आणि खाचांच्या नटात स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट सैल न करता पुढच्या खाचेपर्यंत आवळावा. जॉइंटची निमुळती पिन सोडवताना दुहेरी पात्याची पाचर ठोकल्यास बूट हमखास फाटतो, म्हणून जॉइंट पुन्हा वापरायचा असेल तेव्हा स्क्रूचा पुलर घ्यावा आणि पिन सुटेपर्यंत नट काही आट्यांवर राहू द्यावा.

नवा जॉइंट जुन्याच जागी बसवला म्हणजे काम संपले, ही समजूतही टिकणारी नाही. अनेक किट कारमध्ये वरचा जॉइंट विशबोनमध्ये आट्यांनी बसतो आणि त्याच्या फेऱ्यांवर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, ठरतो. आट्यांमधील अंतर दीड मिलिमीटर आणि दोन जॉइंटमधील उंची २५० मिलिमीटर असेल, तर एका पूर्ण फेरीने कॅम्बर सुमारे एक तृतीयांश अंशाने बदलतो, आणि त्यासोबत चाकांची समांतरताही हलते. जुना जॉइंट काढताना आटे मोजून ठेवावेत, नव्याचे आटे विशबोनमध्ये निदान स्वतःच्या व्यासाइतके खोल बसले आहेत याची खात्री करावी, लॉकनट आवळावा, आणि कॅम्बर व समांतरता मोजून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.