चित्रांचा सातबारा

मिशिगनमधल्या नोवाय गावात माझी मोठी बहीण राहते. डिसेंबरात तिच्याकडे घरपट्टीचं बिल येतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते पसरलेलं होतं आणि मी सहज एकेक ओळ वाचत होते. शाळा, कौंटी, ग्रंथालय, प्राणिसंग्रहालय आणि त्याखाली ‘आर्ट इन्स्टिट्यूट’. मला वाटलं, माझ्या वाचण्यात काही चूक झाली.

“ताई, हे काय गं?”

“म्युझियमची पट्टी. आम्हीच मतं देऊन लावून घेतलीय.”

ते म्युझियम नोवायमध्ये नाही. चाळीसेक किलोमीटरवर, डेट्रॉईट शहरात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर आहे. कर-मूल्य दीड लाख डॉलर असलेल्या घराला त्यापायी वर्षाला ३० डॉलर पडतात. दुसऱ्या गावातल्या चित्रांसाठी माणसं आपणहून घरपट्टी वाढवून घेतात, हे ऐकल्यापासून मी या संस्थेच्या कारभाराच्या मागे लागले. वाचत गेले तसं लक्षात आलं, की या म्युझियमची सगळी कहाणी दोन प्रश्नांभोवती फिरते : सातबाऱ्यावर नाव कोणाचं, आणि रोजचा खर्च कोण करतं?

संस्था १८८५ची. गावातल्या धनिकांनी स्थापलेली, खासगी. शहर तिला थोडं अनुदान देत असे. पण सार्वजनिक पैसा खासगी संस्थेला देता येणार नाही, असा निकाल १९१५मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. मग तोड निघाली ती अशी : संस्थाच शहराची करून टाकायची. १९१९मध्ये संग्रह, जागा, सगळं डेट्रॉईट शहराच्या नावावर झालं आणि जुने धनिक ‘फाउंडर्स सोसायटी’ म्हणून पाठीशी राहिले. अनुदानाची अडचण सुटावी म्हणून केलेली ही नावबदली, आणि तिचा हिशेब चौऱ्याण्णव वर्षांनी द्यावा लागला.

त्या वेळी मात्र हा सौदा सोन्यासारखा वाटला असणार. मोटारींच्या कारखान्यांमुळे शहराकडे पैसा वाहत होता. १९२२मध्ये शहराच्या पैशातून व्हॅन गॉगचं एक आत्मचित्र ४,२०० डॉलरला घेतलं गेलं. अमेरिकेतल्या सार्वजनिक संग्रहालयात आलेलं व्हॅन गॉगचं ते पहिलं चित्र. १९२७मध्ये पॉल क्रे या वास्तुशिल्पकाराने आखलेली आजची पांढरीशुभ्र इमारत उघडली. १९३०मध्ये संचालक विल्यम व्हॅलेंटायनर यांनी लंडनमध्ये ब्रूगेलचं ‘लग्नातला नाच’ हेरलं आणि शहरासाठी घेतलं. साधारण १५६६ सालचं हे चित्र. सव्वाशेच्या आसपास वऱ्हाडी एका फळीवर दाटीवाटीने नाचतायत, उजवीकडे एक जण पुंगीच्या पिशवीत हवा भरतोय. नवरी पटकन सापडतच नाही. काळ्या पोशाखात, मोकळ्या केसांची, ती त्या गर्दीतच नाचते आहे. मी त्या चित्रासमोर अर्धा तास उभी होते.

मंदी आली तशी शहराने म्युझियमच्या पैशाला कात्री लावली. त्याच दिवसांत, १९३२-३३मध्ये, दिएगो रिव्हेराने आतल्या अंगणाच्या चारही भिंतींवर सत्तावीस भित्तिचित्रं रंगवली. खर्च हेन्री फोर्डचा मुलगा एड्सेल याने केला. बाहेर कामगार बेकार आणि आत भिंतीवर त्यांचेच हात इंजिन जुळवतायत. उत्तरेच्या भिंतीवर फोर्डचं व्ही-८ इंजिन, दक्षिणेच्या भिंतीवर पत्रे दाबणारं अजस्र यंत्र. ही चित्रं खरवडून काढा, चुना फासा, अशी ओरड तेव्हा झाली होती. ती टिकली, याचं श्रेय एड्सेलला द्यायला हवं. पण एका श्रीमंत माणसाच्या खांद्यावर संस्था उभी राहणं ही काही व्यवस्था नव्हे. तो शाबूत असेतो ठीक.

पुढच्या सत्तर वर्षांचा पट मी थोडक्यात सांगते, कारण त्याची चाल एकच आहे. शहराची वस्ती १९५०मध्ये साडेअठरा लाख होती, ती २०१०मध्ये सव्वासात लाखांच्या खाली आली. कर भरणारे उपनगरांत गेले. शहराला म्युझियम पेलेना म्हणून राज्य सरकारने भार उचलला, तर १९९१मध्ये राज्याने हात आखडता घेतला. १९९८च्या करारानं मालकी शहराकडे आणि कारभार संस्थेकडे, अशी वाटणी झाली. पगार, वीज, डागडुजी, विमा यांची चिंता संस्थेची. भिंतीवरच्या चित्रांवर हक्क शहराचा. जवळपास १६ कोटी डॉलर खर्चून नूतनीकरण झालं, २००७ला दारं पुन्हा उघडली आणि २००९मध्ये पाचातल्या एका कर्मचाऱ्याला घरी जावं लागलं. इमारतीला देणगीदार मिळतात, कारण तिच्यावर नाव कोरता येतं. रात्रीच्या पहारेकऱ्याच्या पगाराला देणगीदार मिळत नाही. हे दुखणं जगातल्या सगळ्या संग्रहालयांचं आहे.

यावर एक शाश्वत उपाय आहे : कायम निधी. मुद्दलाला हात लावायचा नाही, वर्षाला पाचेक टक्के उत्पन्न खर्चाला घ्यायचं. पण वर्षाला २ कोटी ३० लाख डॉलर हवे असतील तर ४६ कोटींचं मुद्दल हवं. ते एका रात्रीत जमत नाही. म्हणून संस्थेने २०१२मध्ये लोकांसमोर हात पसरला. वेन, ओकलंड आणि मॅकोम्ब या तीन कौंट्यांतल्या मतदारांनी दहा वर्षं पट्टी द्यावी, तेवढ्या काळात आम्ही निधी उभारतो. बदल्यात रहिवाशांना प्रवेश मोफत, शाळांच्या सहलींना बस, ज्येष्ठांसाठी दर गुरुवारी कार्यक्रम. पैसा थेट म्युझियमच्या हाती नाही. प्रत्येक कौंटीत एक प्राधिकरण, आणि त्याच्याशी सेवांचा करार. ऑगस्टमध्ये मतदान झालं. वेन आणि ओकलंडने घसघशीत कौल दिला, मॅकोम्बमध्ये मात्र निसटता विजय. गोरी उपनगरं आणि काळं शहर यांच्यात पन्नास वर्षांचं वैर असलेल्या त्या मुलखात हे घडलं, याचं मोल मला फार वाटतं.

वर्ष उलटलं नाही तोच आभाळ फाटलं. १८ जुलै २०१३ रोजी डेट्रॉईट शहराने दिवाळं जाहीर केलं. कर्ज सुमारे १८ अब्ज डॉलर. राज्यपालांनी नेमलेले आणीबाणी व्यवस्थापक केव्हिन ऑर यांच्याकडे सगळी सूत्रं होती, आणि शहराच्या मालमत्तेच्या यादीत ब्रूगेलची नवरीही होती.

क्रिस्टीज या लिलावसंस्थेला मोजदाद करायला सांगण्यात आलं. संग्रहात तेव्हा सुमारे ६६ हजार वस्तू. त्यांपैकी शहराच्या पैशातून घेतलेल्या २,८००च्या आसपास वस्तूंचीच किंमत काढली गेली, कारण देणगीत आलेल्या वस्तूंना दात्यांच्या अटी होत्या. आकडा आला ४५ कोटी ४० लाख ते ८६ कोटी ७० लाख डॉलर. त्यातला पाऊण हिस्सा फक्त अकरा कलाकृतींचा. ‘लग्नातला नाच’ १० ते २० कोटी, ४,२०० डॉलरला घेतलेलं आत्मचित्र ८ ते १५ कोटी. शहराने चांगल्या दिवसांत स्वतःच्या पैशाने जे वेचून घेतलं, नेमकं तेच धोक्यात आलं.

कायद्याची बाजू गुंतागुंतीची होती. दिवाळखोरीत गेलेल्या नगरपालिकेला न्यायालय ‘अमुक विका’ असा हुकूम देऊ शकत नाही. राज्याचे महाधिवक्ता बिल शुट्टी यांनी संग्रह हा धर्मादाय न्यास आहे, तो विकता येणार नाही, असं मत आधीच दिलं होतं. पण शहराच्या रोख्यांना विमा देणाऱ्या कंपन्या म्हणत होत्या, शहराकडे विकण्याजोगं असताना आमचे पैसे का बुडावेत? आणि दुसऱ्या बाजूला होते निवृत्त कर्मचारी. बसचालक, सफाई कामगार, कारकून, पोलीस, अग्निशामक दलाचे जवान. पोलीस आणि अग्निशामकांना तर केंद्राची सामाजिक सुरक्षेची पेन्शनही नव्हती. सुरुवातीच्या प्रस्तावात सामान्य कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला ३४ टक्क्यांपर्यंत कात्री होती. तीस वर्षं कचऱ्याच्या गाडीवर राबलेल्या माणसाने “भिंतीवरचं चित्र विका आणि माझी पेन्शन द्या” असं म्हटलं, तर त्याला कलेचा शत्रू म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

मध्यस्थ न्यायाधीश जेराल्ड रोझेन यांनी कागदावर एक आकृती काढली. चित्रांभोवती चौकट आणि तिथून पेन्शनकडे जाणारा बाण. चित्रं वाचावीत म्हणून जे पैसे देतील त्यांचे पैसे पेन्शनच्या खात्यात जातील, आणि बदल्यात चित्रं शहराच्या नावावरून कायमची उतरतील. याला पुढे ‘ग्रँड बार्गेन’ हे नाव पडलं. वीस वर्षांत मिळून ८१ कोटी ६० लाख डॉलर. फोर्ड, क्रेस्गी, नाइट अशा न्यासांचे ३६ कोटी ६० लाख, राज्याचे ३५ कोटी (एकरकमी दिले म्हणून १९ कोटी ५० लाख) आणि म्युझियमने स्वतः जमवायचे १० कोटी. एकट्या फोर्ड फाउंडेशनने साडेबारा कोटी दिले. एड्सेलनेच १९३६मध्ये स्थापलेली ही संस्था.

निवृत्तांचं मतदान झालं आणि त्यांनी हा तोडगा स्वीकारला. सामान्य कर्मचाऱ्यांची पेन्शन साडेचार टक्क्यांनी कमी झाली आणि महागाईची वाढ गेली. पोलीस-अग्निशामकांची मूळ पेन्शन राहिली, वाढ निम्म्याच्या आसपास आली. आरोग्यविम्याला जबर कात्री लागली, काहींना बचतखात्यावर मिळालेलं जादा व्याज परत करावं लागलं. ‘चित्रंही वाचली आणि पेन्शनही वाचली’ असं सर्रास लिहिलं जातं. पेन्शन वाचली हे खरं नाही; ती कमी बुडाली. ७ नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनी योजना मंजूर केली आणि डिसेंबरात मालकी संस्थेकडे गेली : डेट्रॉईटच्या आणि मिशिगनच्या लोकांसाठी कायमचा न्यास, संग्रह शहराबाहेर हलवायचा नाही.

त्याच काळात संचालकांना आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना दिलेली पगारवाढ आणि बोनस उघड झाले आणि ओकलंडचे लोकप्रतिनिधी खवळले. त्यांचा राग मला रास्त वाटतो. पट्टी घेतलीत की हिशेबाची वही उघडी ठेवायची, एवढंच लोकांचं मागणं असतं.

आणि एक गोष्ट फार कमी लिहिली गेली. पट्टीची ती दहा वर्षं निधी उभारण्यासाठी होती. पण त्याच वर्षांत म्युझियमने देणगीदारांची दारं वाजवली ती पेन्शनच्या १० कोटींसाठी. मोटार कंपन्यांनी दिलं, मोठ्या घराण्यांनी दिलं. पण ते पैसे निधीत नाही, पेन्शनच्या खात्यात गेले. त्यामुळे मार्च २०२०मध्ये पुन्हा मतदारांकडे जावं लागलं. या वेळी मॅकोम्बसकट तिन्ही कौंट्यांनी आणखी दहा वर्षांसाठी होकार दिला. ताईच्या बिलावरची ओळ ती हीच.

बिल भरल्यावर दोन दिवसांनी आम्ही दोघी म्युझियमला गेलो. दारात तिला पोस्टाचा पिनकोड विचारला, तो ओकलंडचा निघाला, तिला आत सोडलं. मी तिकीट काढलं. ब्रूगेलसमोर शाळेची सहल जमिनीवर बसली होती आणि पोरं नवरी शोधत होती. ताई पुढे वाकून चित्राशेजारची पट्टी वाचायला लागली. चित्रकाराचं नाव, साल, आणि खाली बारीक अक्षरांत : डेट्रॉईट शहराची खरेदी.