चालण्यासाठी वसवलेले शहर आणि बैठे जीवन : जयपूरच्या निमित्ताने दैनंदिन हालचालीचा विचार

जयपूर : भारतातील जवळपास निम्मे प्रौढ नागरिक आरोग्य टिकवण्यासाठी आवश्यक तेवढी शारीरिक हालचाल करत नाहीत. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २००० मध्ये देशात हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. २०२२ मध्ये ते ४९ टक्क्यांच्या पुढे गेले. महिलांमध्ये ते सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये सुमारे ४२ टक्के आहे. त्याच वर्षी जगाची सरासरी ३१ टक्के होती. हाच कल कायम राहिला, तर २०३० पर्यंत भारतातील प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास पोहोचेल, असा अंदाजही या अभ्यासात वर्तवण्यात आला आहे.

अवघ्या दोन दशकांत एवढा बदल कसा झाला? देशातील लोकांनी व्यायाम सोडला, असे त्याचे सोपे उत्तर दिले जाते. ते बरोबर नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिअ‍ॅब’ सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथील नागरिकांची पाहणी झाली होती. फावल्या वेळात खेळ किंवा व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण त्यात दहा टक्क्यांहूनही कमी आढळले. याचा अर्थ असा की, बहुसंख्य भारतीयांच्या शरीराला जी हालचाल मिळत होती, ती व्यायामशाळेतून किंवा मैदानातून मिळतच नव्हती. ती मिळत होती कामातून, घरातून आणि रस्त्यावरून. या तिन्ही ठिकाणची हालचाल घटली आणि तिची जागा घेणारे दुसरे काही आले नाही. म्हणून प्रश्नाचे उत्तरही प्रथम याच तीन ठिकाणी शोधावे लागते. राजस्थानची राजधानी जयपूर हे त्यासाठी एक बोलके उदाहरण आहे.

पायांच्या मापाने आखलेले नगर

सवाई जयसिंह दुसरे यांनी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी जयपूरची पायाभरणी केली. विद्याधर भट्टाचार्य यांचा नगररचनेत मोठा वाटा होता. चौकोनी विभागांत, म्हणजे ‘चौकड्यां’त, हे शहर मांडले गेले. मुख्य रस्ते १११ फूट रुंद, त्यांना जोडणारे रस्ते त्याच्या निम्मे आणि आतील गल्ल्या त्याहून निम्म्या, असे प्रमाण ठरवण्यात आले. पूर्वेचा सूरजपोल आणि पश्चिमेचा चांदपोल या दोन दरवाजांमधील अंतर सुमारे तीन किलोमीटर आहे. बऱ्यापैकी वेगाने चालणारा माणूस जुन्या शहराचे एक टोक सोडून दुसरे टोक पाऊण तासाच्या आत गाठू शकतो.

या रचनेत राहणे आणि काम करणे एकमेकांजवळ होते. मणिहारांच्या रस्त्यावर लाखेच्या बांगड्या, ठठेऱ्यांच्या रस्त्यावर तांब्या-पितळेची भांडी, खजानेवाल्यांच्या रस्त्यावर संगमरवरी मूर्ती अशी कारागिरांची वस्ती आणि त्यांची दुकाने शेजारी शेजारी नांदली. मुख्य बाजारपेठांमधील दुकानांपुढे सलग वऱ्हांडे आहेत. मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हाही या वऱ्हांड्यांच्या सावलीतून पायी फिरता येते. कालांतराने हे वऱ्हांडे अतिक्रमणांनी भरले. ते मोकळे करण्यासाठी २००० च्या सुमारास ‘ऑपरेशन पिंक’ ही मोहीम राबवावी लागली. २०१९ मध्ये युनेस्कोने या तटबंदीच्या शहराला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

आजचे जयपूर मात्र तटबंदीच्या कितीतरी पलीकडे पसरले आहे. मानसरोवर, मालवीय नगर, वैशाली नगर, जगतपुरा या वसाहतींतील रहिवाशांचे घर, कार्यालय, शाळा आणि बाजार यांमधील अंतर पायी तोडण्याजोगे राहिलेले नाही. भाजी घरपोच येते, पाणी नळाला येते, इमारतीत उद्वाहन आहे आणि दाराशी दुचाकी उभी आहे. यातील प्रत्येक सोय स्वागतार्हच आहे. परंतु या साऱ्या सोयींनी मिळून दिवसातील हजारो पावले कमी केली. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा इंदूर येथील वाचकालाही हे चित्र ओळखीचे वाटेल.

‘जयपूर फूट’ने जाणलेली गरज

या शहराचे नाव जगभर पोहोचवणारी एक वस्तू याच विषयाशी जोडलेली आहे. येथील सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘जयपूर फूट’ हे कृत्रिम पाऊल विकसित केले. त्यापूर्वी पाश्चात्त्य देशांत तयार झालेली पावले उपलब्ध होती. पण ती बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या समाजासाठी बनवलेली होती. त्यांचा घोटा पुरेसा वाकत नसे. त्यामुळे उकिडवे बसणे, मांडी घालणे किंवा शेताच्या उंचसखल, ओल्या जमिनीवर अनवाणी चालणे अशक्यप्राय होते. रबर, लाकूड आणि टायरमधील धागे यांच्या साहाय्याने बनवलेल्या जयपूर फूटमुळे या हालचाली शक्य झाल्या. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये जयपुरातच स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे पाऊल गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचवण्याचे काम केले. नृत्यांगना सुधा चंद्रन अपघातात पाय गमावल्यानंतर याच पावलाच्या आधाराने पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या.

पाय गमावलेल्या बहुतेकांची अपेक्षा मात्र त्याहून साधी होती. त्यांना जमिनीवर बसून जेवायचे होते, शौचाला स्वतः जायचे होते, शेतात उतरायचे होते. ज्या हालचालींना निरोगी माणूस हालचाल म्हणून मोजतही नाही, त्या परत मिळवण्यासाठी वैद्य आणि कारागीर यांनी एकत्र येऊन वर्षानुवर्षे प्रयत्न केले. जमिनीवरून उठणे आणि बसणे यांत मांड्या, नितंब, पोटऱ्या आणि पाठ यांचे मोठे स्नायू वापरले जातात, तोलही सांभाळावा लागतो. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वर्षे वयाच्या सुमारे दोन हजार व्यक्तींच्या पाहणीत, हाताचा किंवा गुडघ्याचा आधार न घेता जमिनीवर बसू-उठू शकणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण पुढील काही वर्षांत कमी असल्याचे आढळले होते. अशा उठबशीने आयुष्य वाढते, असा थेट निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. मात्र स्नायूंची ताकद, लवचीकता आणि तोल यांचा तो एक चांगला निदर्शक आहे.

किती हालचाल पुरेशी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. पासष्टीपुढील व्यक्तींनी तोल सांभाळण्याचा सरावही आठवड्यातून तीन दिवस करावा. मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल हवी. मध्यम हालचाल ओळखण्याची साधी खूण अशी : चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. मिनिटाला सुमारे शंभर पावले हा त्याचा ढोबळ वेग मानला जातो.

या सूचनांतील एक बदल सामान्य माणसाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. हालचाल सलग दहा मिनिटे झाली तरच ती मोजावी, ही पूर्वीची अट काढून टाकण्यात आली. म्हणजेच जिन्याची दोन मिनिटे, बसथांब्यापर्यंतची चार मिनिटे आणि बाजारातील सात मिनिटे या सर्वांची बेरीज करता येते. २०२२ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ब्रिटनमधील व्यायाम न करणाऱ्या व्यक्तींच्या हालचाली मनगटावरील यंत्राने मोजण्यात आल्या. दिवसातून तीन वेळा, एक-दोन मिनिटे, दम लागेल अशी दैनंदिन हालचाल करणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका लक्षणीयरीत्या कमी दिसला.

रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, हा समजही तपासून घ्यावा लागतो. या आकड्याचा उगम १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावात आहे; वैद्यकीय प्रयोगात नाही. अमेरिकेतील वयस्क महिलांच्या २०१९ च्या अभ्यासात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका बराच कमी आढळला आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर हा लाभ स्थिरावला. अर्थात, जो आज फारच कमी चालतो, त्याच्यासाठी पहिली हजार-दोन हजार वाढीव पावलेच सर्वांत मोलाची ठरतात.

शरीरात काय घडते?

कामाच्या स्वरूपाचा हृदयाशी असलेला संबंध १९५३ मध्ये लंडनमध्ये प्रथम ठळकपणे पुढे आला. डॉ. जेरी मॉरिस यांनी तेथील दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांच्या मानाने, शेकडो पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बरेच कमी होते. गाडी एकच, मार्ग एकच. फरक प्रामुख्याने हालचालीचा होता.

मधुमेहाच्या बाबतीत हे आणखी स्पष्टपणे दिसते. स्नायू आकुंचन पावतात, तेव्हा ते रक्तातील साखर इन्सुलिनवर फारसे अवलंबून न राहताही आत ओढून घेतात. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास रक्तातील साखरेची उसळी कमी होते. ‘इंडिअ‍ॅब’च्या २०२३ च्या निष्कर्षांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख व्यक्ती त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हे लक्षात घेता शतपावलीची जुनी सवय हा केवळ परंपरेचा विषय राहत नाही.

दिवसाच्या चौकटीत बसणारे बदल

वेळ नाही, ही सर्वांत मोठी अडचण सांगितली जाते. त्यामुळे नवा वेळ काढण्याऐवजी आहे त्याच कामांत हालचाल गुंफणे अधिक टिकते. मेट्रोने किंवा बसने जाणाऱ्यांनी एक थांबा आधी उतरावे. दोन-तीन मजल्यांसाठी जिना वापरावा. दूरध्वनीवरील संभाषण उभे राहून किंवा फिरत करावे. अर्ध्या-पाऊण तासाच्या बैठकीनंतर दोन मिनिटे उठावे. एक किलोमीटरच्या आतील कामासाठी दुचाकीची किल्ली उचलू नये. दिवसातील एक जेवण जमिनीवर बसून घेता येत असेल तर घ्यावे. जयपुरात पहाटे गोविंददेवजींच्या मंगला झांकीसाठी पायी जाणारे भाविक दिसतात. त्यांच्यासाठी तो व्यायाम नसून नित्यनेम आहे आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे टिकतो.

काही खबरदारी मात्र आवश्यक आहे. हृदयविकार, गुडघ्यांची झीज किंवा तोल जाण्याचा त्रास असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याने सुरुवात करावी. गुडघे दुखत असताना उकिडवे बसण्याचा हट्ट धरू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर एकदम घटणार नाही, याकडे लक्ष द्यावे. चालताना छातीत दुखणे, घेरी येणे किंवा असाधारण धाप लागणे असे झाल्यास तत्काळ थांबून मदत घ्यावी. राजस्थान, विदर्भ आणि मराठवाड्यातील उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतरच चालावे.

जबाबदारी एकट्या नागरिकाची नाही

महिलांमधील ५७ टक्क्यांचा आकडा येथे पुन्हा पाहावा लागतो. या पाहण्यांत घरकामाचीही गणना होते, तरीही हे अंतर उरते. घरकाम वेळ खाते, थकवते. पण ते पुरेसे जोरकस असतेच असे नाही. त्यानंतर बाहेर पडायचे तर वेळ, परवानगी, प्रकाश आणि सुरक्षितता या चारही गोष्टी जुळून याव्या लागतात. घरातील कामांची वाटणी आणि रस्त्यावरील दिवे हे म्हणूनच आरोग्याचेही प्रश्न आहेत.

केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१९ रोजी ‘फिट इंडिया’ चळवळ सुरू केली. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्यांचा विचार वाहनांऐवजी माणसांच्या दृष्टीने करावा, असे सूत्र मांडले. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि २०२१ पासून ११ डिसेंबर रोजी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होऊ लागला. वर्षातील एक दिवस मोकळा झालेला रस्ता चालण्याची इच्छा शिल्लक असल्याचे दाखवतो. उरलेल्या दिवसांसाठी सलग पदपथ, सुरक्षित चौक, सावली देणारी झाडे आणि बसायला बाके लागतात.

जयपूरच्या संस्थापकांनी वाहनांचा विचार करण्याची गरज नसलेल्या काळात १११ फूट रुंद रस्ते आखले आणि त्यांच्या कडेने चालणाऱ्यांसाठी सावली राहील, असे नगर उभे राहिले. नव्या वसाहतींचे आराखडे मंजूर करताना पादचाऱ्यासाठी किती फूट राखले जातात, यावरच तेथील रहिवाशांची रोजची पावले पुष्कळ अंशी ठरणार आहेत.