मिलिमीटरच्या दहाव्या भागात काय असतं?

ओठ मिटा. घट्ट नको, नुसते एकमेकांवर टेकवा. आता त्यांच्यामधून हवा ढकला, घोडा फुरफुरतो तशी. जो काही फाटका, भुरभुरा आवाज आला ना, तोच ट्रंपेटचा आवाज आहे. वरातीत अख्ख्या गल्लीला खिडकीत आणणारा तो लखलखता सूर पितळेतून जन्मत नाही. तो जन्मतो ओठांत. ४४० कंपनांचा सूर लावायचा, तर वाजवणाऱ्याचे ओठ सेकंदाला ४४० वेळा उघडतात आणि मिटतात. माणसाच्या मऊ मांसाचे दोन तुकडे!

शंख, शिंग, तुतारी, कर्णा, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा ही सगळी याच एका घराण्यातली वाद्यं. सनईला पत्ती असते, बासरीला धारदार काठ असतो. यांच्याकडे फक्त ओठ. आणि ओठ आले की लगेच प्रश्न येतो : ते टेकवायचे कशावर?

हा प्रश्न किती जुना असेल? फ्रान्समध्ये मार्सुलासच्या गुहेत १९३१ साली एक मोठा शंख सापडला. पाणी प्यायचं भांडं असेल, असं समजून तो जवळजवळ नव्वद वर्षं संग्रहालयात पडून होता. मग संशोधकांनी तो नीट तपासला. टोक मुद्दाम फोडलेलं होतं. एका हॉर्नवादकाला बोलावून तो फुंकायला दिला, आणि सुमारे १८,००० वर्षांपूर्वीचा शंख बोलला! पण मला त्याहून थक्क करते ती पुढची बारीकशी गोष्ट. फोडलेल्या टोकाची कड खडबडीत होती, ओठांना बोचेल अशी, आणि तिच्याभोवती कसल्याशा चिकट पदार्थाचे तपकिरी अंश होते. तिथे एखादी नळी चिकटवलेली असावी, असा संशोधकांचा कयास आहे. म्हणजे गुहेतल्या त्या माणसालासुद्धा माउथपीस हवा होता.

आजचा ट्रंपेटचा माउथपीस हातात घ्या. लांबी जेमतेम नऊ सेंटीमीटर. वर गोल कड, तिच्या आत छोटी वाटी, वाटीच्या तळाशी एक भोक आणि मागे हळूहळू रुंदावत जाणारी नळी. बस्स, एवढंच. यात हलणारा भाग एकही नाही. मग वादक याच्यासाठी आयुष्यभर शोध का घेत राहतात? कपाटात पंधरा-वीस माउथपीस आणि तरी नजर सोळाव्या-एकविसाव्यावर, असं का?

त्या तळाच्या भोकाकडे बघा. ट्रंपेटमध्ये त्याचा व्यास साधारण ३.६६ मिलिमीटर असतो. पेन्सिलीच्या निम्मा! पुढची पितळी नळी याच्या तिप्पट रुंद असते. एवढं मोठं वाद्य फुंकायचं आणि दारातच गळा आवळायचा, हा कुठला न्याय? भोक मोठं केलं तर हवा मोकळी जाईल की. जाईल, पण सूर बिघडेल. कारण वाटी आणि अरुंद गळा मिळून एक बाटली तयार होते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती ‘हूं’ करते, ते आपण सगळ्यांनी लहानपणी केलंय. बाटलीचं पोट आणि तिची मान मिळून एक ठरावीक सूर धरतात. माउथपीसचंही तसंच. कड तळहातावर हलकेच आपटा, ‘पॉक’ असा आवाज येईल. तो त्या माउथपीसचा स्वतःचा सूर. वाटी खोल असेल तर पॉक खालचा, उथळ असेल तर वरचा.

आणि आता खरी जादू. एक सरळ नळी घ्या, एका टोकाला ओठ लावून बंद केलेली. अशी नळी कुठले सूर देते? भौतिकशास्त्र सांगतं, फक्त विषम पटीतले : एक, तीन, पाच, सात. या सुरांवर बिगुलाची साधी धूनही निघणार नाही. ट्रंपेट मात्र दोन, तीन, चार, पाच, सहा अशा पायऱ्या देतो : २३३, ३५०, ४६६, ५८३ कंपनं, सरळ चढत जाणारी शिडी. मधल्या पायऱ्या हव्या तिथे कोणी आणून ठेवल्या?

दोघांनी. पुढचं कर्ण्यासारखं फुललेलं तोंड खालच्या सुरांना वर ढकलतं. आणि या टोकाचा आपला नऊ सेंटीमीटरचा माउथपीस वरच्या सुरांना खाली ओढतो. कसा? वरच्या सुरांना तो खरोखर आहे त्यापेक्षा लांब ‘दिसतो’! खालच्या सुरासाठी तो नळीचा एक आखूड तुकडा असतो, पण सूर जसजसा चढेल तसतसा तोच तुकडा जणू ताणला जातो. धातू तसूभर हललेला नाही, तरी ध्वनीच्या लेखी लांबी बदलत राहते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर्थर बेनेड यांनी हे गणित उलगडून दाखवलं. पण वाद्य घडवणाऱ्या कारागिरांनी ते त्याच्या शेकडो वर्षं आधी, कानांनी सोडवलेलं होतं. मला तर हे वाचलं त्या दिवशी झोप लागली नव्हती.

म्हणून वाटी बदलली की नुसता ‘पोत’ बदलत नाही, सगळी शिडी किंचित हलते. माउथपीसच्या स्वतःच्या सुराच्या आसपासच्या स्वरांना जास्त बळ मिळतं. उथळ वाटीत हे बळ वरच्या अंगाला जातं, आवाज उजळ होतो, चमकतो. खोल वाटीत तो गडद आणि गोल होतो. फ्रेंच हॉर्नचा माउथपीस तर वाटी नाहीच, चक्क नरसाळं असतो. त्या वाद्याचा धुक्यातून आल्यासारखा मऊ आवाज बराचसा त्या नरसाळ्याचा. याउलट ‘अलबेला’ (१९५१) मधला ट्रंपेट आठवा. सी. रामचंद्र यांच्या त्या संगीतात गोव्यातल्या हळदोण्याच्या चिक चॉकलेट यांचा ट्रंपेट आहे, आणि ते स्वतः पडद्यावरही दिसतात. तो आवाज कसा सळसळत येतो!

वाटीचं झालं. आता कड, म्हणजे ओठ टेकतात ती जागा. माझ्या मते निवडीत सगळ्यात जास्त वेळ हिला द्यावा. रुंद कड दाब पसरवते, तास-दोन तास वाजवायला सोसते, पण ओठांना हलायला जागा कमी ठेवते. अरुंद कड ओठ मोकळे सोडते, पण रुतते. आतली धार तीक्ष्ण असेल तर सूर नेमका सुटतो, आणि तीच धार ओठ कापतेही. ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगचे ओठ आयुष्यभराच्या दाबानं इतके जायबंदी झाले होते, की ओठांभोवतीचा गोल स्नायू फाटण्याच्या दुखापतीला डॉक्टरांनी त्याच्या टोपणनावावरून ‘सॅचमो सिंड्रोम’ असं नाव दिलं.

हे माप किती बारीक असतं ठाऊक आहे? ट्रंपेटच्या जगात सर्वांत ओळखीचे दोन माउथपीस म्हणजे बाख कंपनीचे ७सी आणि ३सी. कंपनीच्या तक्त्यात पहिल्याचा आतला व्यास १६.२० मिलिमीटर, दुसऱ्याचा १६.३०. फरक मिलिमीटरचा दहावा भाग, एखाद्या जाड केसाएवढा! डोळ्यांना दिसणार नाही. तरी वादक डोळे मिटून सांगतो, हा तो नव्हे. कल्पनेचे खेळ? मुळीच नाही. १९३७ साली मॉन्ट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी मेंदूचा नकाशा प्रसिद्ध केला, स्पर्शासाठी कुठल्या अवयवाला मेंदूत किती जागा ते दाखवणारा. अख्ख्या पाठीला दिलीय चिमूटभर, आणि ओठांना भलीमोठी जहागीर.

आणि ‘७सी’ म्हणजे काय? यामागे व्हिन्सेंट बाख नावाचा माणूस आहे. १८९० साली व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावी जन्मलेला, शिकून अभियंता झालेला, पण मन रमलं ट्रंपेटमध्ये. अमेरिकेत वादक म्हणून फिरताना त्यानं आपला लाडका माउथपीस एका कारागिराकडे दुरुस्तीला दिला आणि तो पार बिघडून परत आला. त्यानं मग स्वतःच लेथ घेतलं. १९१८ पासून न्यूयॉर्कमध्ये तो माउथपीस विकू लागला. त्यानं लावलेल्या क्रमांकांत आकडा लहान तेवढा व्यास मोठा, आणि अक्षर ए म्हणजे सर्वांत खोल वाटी, पुढे पुढे उथळ. सोपं आहे ना? आता यामाहाचा तक्ता उघडा. तिथे आकडा मोठा तेवढा व्यास मोठा, आणि ए म्हणजे उथळ! बरोबर उलटं. शिवाय कड गोलाईनं आत उतरत असल्यामुळे व्यास नेमका किती खोलीवर मोजायचा, यातही एकवाक्यता नाही. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निवड करणं म्हणजे पुण्याची छापील वेळ बघून नागपूरची गाडी पकडणं.

तर मग निवडायचा कसा? आधी कामाकडे बघा. भर उन्हात रस्त्यावर, ढोलाच्या आवाजावर चढून दोन तास वाजवायचंय, की सभागृहात वीस व्हायोलिनांमध्ये मिसळायचंय? वाद्याबरोबर बहुधा ७सी येतोच. त्यावर वर्षभर तरी घाम गाळावा, हे माझं स्पष्ट मत. जाड ओठांना मोठा आणि पातळ ओठांना छोटा हा हिशेब फसवा आहे. ओठांच्या मागे दात असतात, आणि त्यांची ठेवण बाहेरून दिसत नाही. उथळ वाटी लावली की तार सप्तक आपोआप हाती येतं, हाही भ्रमच. ती वरच्या सुरांना हात देते, पण ओठांचा स्नायू तिला घडवता येत नाही.

बदल करायचा तर एका वेळी एकच. कड तीच ठेवून वाटी बदला, किंवा वाटी तीच ठेवून कड. दोन्ही एकदम बदलल्या तर गुण कुणाचा, हे कळायचं कसं? आणि दुकानातल्या पहिल्या दहा मिनिटांवर विश्वास ठेवू नका. नवा माउथपीस तेव्हा नेहमीच छान वाटतो, कारण ओठांचे थकलेले भाग सोडून तो ताज्या भागांवर टेकलेला असतो. आठवडाभरानं, थकल्या ओठांनी, सर्वांत हळू सूर लावून बघा. मंद सूर न थरथरता, हवेबरोबरच सुटला तर कान टवकारा.

अजून एक अडचण आहे. ट्रंपेटचं तोंड तुमच्याकडे नसतं, समोर असतं. तुमचा आवाज तुम्हाला हाडांतून, दातांतून आणि भिंतीवरून परत फिरून ऐकू येतो. समोरच्याला जे मिळतं, ते तुम्ही कधीच ऐकलेलं नसतं! म्हणून सोबत कोणाला तरी घेऊन जा. त्याला खोलीच्या पार टोकाला, पाठ करून उभं करा. दोन माउथपीस आलटूनपालटून लावा, तीच चार वाक्यं वाजवा, कुठला कोणता ते सांगू नका. आणि त्यानं न वळता नुसता हात वर केला, की बघा हातात कुठला आहे.