गोळी चालू, तपासणीही चालू

सकाळी ८.३०
ल्यूपसचे रुग्ण यायचे असले की दृष्टिक्षेत्राचं यंत्र सर्वांत आधी सुरू करायला लावते. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की नजर धूसर होते, म्हणून ही चाचणी थेंबांआधीच उरकावी लागते.

१०.००
बहुतेकींची तक्रार एकच: डोळे चुरचुरतात, खुपतात. ल्यूपसमध्ये डोळ्यांचं सर्वाधिक आढळणारं दुखणं कोरडेपणाचंच. पापणीच्या कडेला कागदी पट्टी लावून पाच मिनिटांत अश्रू मोजते, थेंब लिहून देते.

११.१५
"मॅडम, शेजारच्या काकू म्हणाल्या, या गोळीनं डोळे जातात. म्हणून बंद केली."
बाईंचे सांधे पुन्हा सुजलेले. गोळी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, ल्यूपसच्या उपचाराचा कणाच. वजन विचारलं, ४० किलो. रोजचा डोस ४०० मिलिग्रॅम. किलोमागे ५ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली तर २०० पुरे. त्यांच्या संधिवाततज्ज्ञांना तिथूनच फोन लावला आणि डोस ठरवून गोळी पुन्हा सुरू केली.

भीती अगदीच निराधार नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला झालेली इजा भरून येत नाही. पण योग्य डोसवर पहिल्या पाच वर्षांत हा धोका १ टक्क्याहून कमी, दहा वर्षांत २ टक्क्यांहून कमी असतो. वीस वर्षांनंतर मात्र सुमारे २० टक्क्यांवर जातो. म्हणून पहिल्या वर्षात एकदा पडदा पाहायचा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याआधीच. आपल्या आशियाई रुग्णांत इजा बऱ्याचदा केंद्रापासून थोडी दूर सुरू होते, त्यामुळे फक्त मधला भाग तपासून मला समाधान होत नाही. ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅनही रुंद घेते.

१.३०
कॉलेजातली मुलगी. नजर ६/६, तक्रार काहीच नाही. थेंब घालून पाहिलं तर पडद्यावर कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे डाग. बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या की ते उमटतात. रक्तदाबानंही असे डाग येतात, म्हणून तो तिथेच मोजला. तो ठीक निघाला, तेव्हा आजारच पेटलेला असण्याची शंका बळावली. लघवीतली प्रथिनं आणि रक्ताच्या गुठळ्या घडवणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी आजच करायला सांगितली. आईला बाजूला घेऊन समजावलं: उद्यावर टाकू नका.

४.००
स्टेरॉईडवाल्यांचा डोळ्यांचा दाब. मोतीबिंदू, काचबिंदू, दोन्ही शोधायचे.

५.३०
आजची पत्रं संधिवात विभागाकडे पाठवली. ल्यूपस असलेल्या प्रत्येकीला माझी विनंती आहे: गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका; वजन सांगून डोस तपासून घ्या. आणि नजर एकदम कमी झाली किंवा डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.